बिननावाचा डबा

आमच्या घरात सात भांडी होती आणि सातांवर सात जणांची नावं होती. आमचं एकावरही नव्हतं. तिसगावच्या आठवडी बाजारात मोडीची भांडी वजनावर मिळायची, तिथून आईनं ती एकेक करून आणलेली. परातीवर ‘कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं होतं. या गंगूबाई कोण, कुठल्या, आम्हाला ठाऊक नाही. पण माझ्या जन्मापासून आमच्या घरची प्रत्येक भाकरी त्यांच्या स्मरणार्थ थापली गेली. तांब्यावर ‘मामाकडून भाचीस सप्रेम’ होतं. आमच्यात ना तो मामा, ना ती भाची.

वडील ऊसतोडीत असताना भरल्या गाडीवरून पडले आणि कंबर गेली. तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. दसरा झाला की आई अर्धा कोयता म्हणून गावातल्या टोळीबरोबर देवळाली प्रवराकडच्या फडात जायची, ती उन्हाळा लागला की परतायची. मागं मी, खाटेवरचे वडील आणि गंगूबाईंची परात. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. भांड्यांचं सांगितल्याशिवाय आप्पांचं सांगता येत नाही, म्हणून सांगितलं.

कारण आप्पांच्या हातात कुठलंही भांडं दिलं की ते आधी उलटं करून त्याचं बूड वाचायचे. भरलेलं असलं तरी.

एका लग्नात पंगतीला बसले होते. वाढप्यानं आमटीची वाटी ठेवली. आप्पांनी उचलली, उलटी केली. सगळी आमटी शेजारच्या पाहुण्याच्या पांढऱ्या पायजम्यावर. पाहुणा बोंबलत उठला, तर आप्पा त्यालाच वाटी दाखवतायत : “आवो थांबा, ह्ये मीच घातलंय! ह्यो ‘र’ बघा. आसला ‘र’ आता कोन काढतंय?”

आप्पांचा धंदाच तो. नगरच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून ते बसायचे आणि विकल्या गेलेल्या भांड्यांवर मशीननं नावं घालायचे. डोक्यावर टोपी, दोरा बांधलेला चष्मा, हातात ते घर्रर्र करणारं छोटं मशीन. चाळीसएक वर्षं मशीन धरून त्यांचा उजवा हात कायम थरथरायचा. गंमत अशी की मशीन चालू झालं की हात स्थिर आणि बंद झालं की थरथर. त्यामुळे चहा पिताना ते डाव्या हातानं प्यायचे आणि उलटं करायचे उजव्या हातानं.

मला आप्पा भेटले रिमांड होममध्ये. ते तिथं शिकवायला यायचे. मी आत होतो.

सरळ सांगतो. मी पंधरा वर्षांचा असताना दोघा मोठ्या पोरांबरोबर लोकांच्या विहिरींवरच्या मोटारींची केबल कापली. केबल जाळली की आत तांबं मिळतं आणि तांब्याला भाव असतो. आम्ही इतके हुशार की भर दुपारी, वारं सुटलेलं असताना, माळावर ती जाळत बसलो. काळा धूर पार तिसगावात दिसला. ज्यांच्या केबली होत्या, ते धुराच्या मागानं चालत आले. त्यातल्या एकानं तर येताना डब्यात पाणी आणलं होतं, त्याला वाटलं गवत पेटलंय.

सापडल्यावर मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगितली. पोलिसांना, बाल न्याय मंडळाला, आईला. “मी फक्त राखण करत होतो. कापली त्या दोघांनी.” आईला ते खरं वाटलं. फडात कुणी विचारलं की ती म्हणायची, “माझा विष्णू नुसता हुबा हुता.”

तर रिमांड होम. तिथं आम्हाला चारित्र्य शिकवायला बरीच माणसं यायची. एक प्रोफेसर तक्ता घेऊन यायचे. तक्त्यावर झाड होतं, मुळांना ‘सत्य’ आणि फळांना ‘यश’ लिहिलेलं. आम्ही माना डोलवायचो. जामखेडकडचा एक पोरगा त्या तासाला उघड्या डोळ्यांनी झोपायचा, ते कसब मी त्याच्याकडूनच शिकलो.

आप्पा मात्र पहिल्यांदा शिकवायला आलेच नव्हते. कुणीतरी संस्थेला नव्या स्टीलच्या ताटल्या दिल्या होत्या आणि त्यांच्यावर नाव घालायला मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या अधीक्षक. त्यांनी सांगितलं, “आप्पा, नाव घाला,” आणि त्या मीटिंगला निघून गेल्या. कुणाचं नाव, ते सांगायचं राहिलं. आप्पांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात ताटली म्हणजे जेवणाऱ्याची. त्यांनी आम्हाला ओळीत बसवलं आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली.

“नाव सांग बाबा.”

“विष्णू.”

“आन् फुडं? बापाचं, आडनाव? अर्धं नाव मी घालत न्हाई. अर्ध्या नावाचं भांडं हारवतं.”

मी पूर्ण नाव सांगितलं. त्याआधीच्या महिन्यात माझं पूर्ण नाव कितीतरी जणांनी विचारलं होतं, पण ते सगळे कागदावर लिहून घेत होते. आप्पांनी ते ताटलीवर घातलं, फुंकर मारली, धोतराला पुसलं आणि ताटली दोन्ही हातांनी मला दिली. म्हणाले, “जेवा.” मला ‘जेवा’ म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. जामखेडचा त्या दिवशी अजिबात झोपला नाही.

संध्याकाळी मॅडम आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “आप्पा! संस्थेचं नाव घालायचं होतं! या मुलांची नावं बाहेर कुणाला कळता कामा नयेत, कायदा आहे तसा! उद्या ताटली बाहेर गेली तर?”

आप्पांचा चेहरा इतका उतरला की आम्हालाच वाईट वाटलं. “चुकलं मॅडम,” ते म्हणाले. “पन मग ह्येंनी खायाचं कुनाच्या ताटात?”

पुढचे तीन दिवस आप्पा पॉलिश पेपर घेऊन आले आणि स्वतः घातलेली नावं स्वतः घासून काढत बसले. आम्हीही घासायला बसलो. घासता घासता ते बोलायचे, आम्ही ऐकायचो, मधेच कुणीतरी टोमणा मारायचा. “आप्पा, तुमी एक दिस नावं घालता आन् तीन दिस पुसता, तुमचं दुकान चालतं कसं?” आप्पा हसून म्हणायचे, “घालनाऱ्यालाच पुसाया लागतं रं. दुसरा कोन येतोय?” चौथ्या दिवशी ताटल्या संपल्या, तरी आप्पा आले. मग दर गुरुवारी यायला लागले. मॅडमनी वहीत लिहिलं : ‘सद्वर्तन वर्ग’.

या सद्वर्तन वर्गात एकच धडा होता. आप्पा येताना एक झाकणाचा डबा आणायचे, त्यात शेंगदाण्याचे लाडू. एकेक लाडू वाटून झाला की डबा मधे ठेवायचे आणि म्हणायचे, “चला. डबा रिकामा परत जायाचा न्हाई.”

शेजारणीनं कालवण पाठवलं तर तिचं भांडं रिकामं परत करू नये, मूठभर शेंगा तरी घालाव्यात, हे आमच्याकडं पोराबाळांनाही माहीत असतं. पण ते घरी. इथं आम्ही काय घालणार? पहिल्या गुरुवारी पोरांनी डब्यात बेडूक घातला. आप्पांनी झाकण उघडलं, बेडूक त्यांच्या टोपीवर. पोरं लोळून हसली. आप्पांनी टोपीवरून बेडूक उचलला, उलटा करून बघितला (सवय!) आणि म्हणाले, “ह्येच्यावर नाव न्हाई कुनाचं. पन रिकामा न्हाई, मान्य. डबा मातुर धुवून द्या.” दुसऱ्या वेळी कुणीतरी चिठ्ठी टाकली : ‘आप्पा तुमी लई बोलता’. आप्पांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि घडी करून टोपीत ठेवली. पुढं त्यांना फार बोलल्यासारखं वाटलं की ते टोपीला हात लावून गप्प बसायचे.

एका गुरुवारी मी उखडलो. मी म्हणालो, “आप्पा, तुमचं ह्ये दरवेळचं हाय. आमी कुलपात हाय. आमच्याजवळ काय हाय तुमच्या डब्यात घालायला?”

“एक खरी गोष्ट घाल.”

“म्हणजी?”

“डबा तोंडाजवळ धर, खरं काय ते बोल, झाकन लाव. मी उघडनार न्हाई. घरी नेऊन ठेवीन.”

पोरांना मजाच वाटली. एकानं डब्यात शिवी दिली. जामखेडचा म्हणाला, “मला प्रोफेसरच्या तासाला झोप येते,” आणि झाकण लावलं. माझी पाळी आली. मी डबा तोंडाशी धरला. आत लाडवांचा वास होता. काय झालं कोण जाणे, मी हळूच बोललो, “केबल मीच कापली. राखण तर कुत्रंबी करत न्हवतं.” आणि झाकण दाबलं.

 आप्पा डबा घेऊन उठले. मी खिडकीतून बघत होतो. गेटपर्यंत ते डबा दोन्ही हातांत समतोल धरून, आत काठोकाठ तेल असल्यासारखे चालत गेले. त्यांचा उजवा हात थरथरत होता तरी डबा हलत नव्हता.

अडीच महिन्यांनी मला सोडलं. आई फडातून आली होती, पाचटानं हात कापलेले, साडी कमरेला खोचलेली तशीच. आप्पा गेटवर उभे होते. सुटणाऱ्या प्रत्येक पोराला ते एक नवाकोरा डबा द्यायचे, लाडू भरून. द्यायचे म्हणजे उसना. “ह्यो परत आनायचा,” ते मला म्हणाले. “घाई न्हाई. पन रिकामा न्हाई हां!”

आईनं डबा हातात घेतला आणि तिनंही उलटा करून बघितला. आमच्या घरातली सवय ती. “आप्पा, तुमी नावं घालता म्हनं. ह्येच्यावर काईच न्हाई?”

“न्हाई घालत बाई,” आप्पा खाली बघत म्हणाले. “घातलं तर गावात लोक इचारतील, कुनाचा डबा, कुठनं आला. पोरांना सांगायला जड जातं.”

एकदा चुकलेला माणूस. ताटल्यांची चूक त्यांनी इथपर्यंत लक्षात ठेवली होती.

एसटीत मी आईला खरं सांगितलं. केबलचं. ती तिसगाव जवळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग डबा उघडून एक लाडू मला दिला, एक स्वतः खाल्ला आणि म्हणाली, “आता ह्यो भरायचा कशानं, त्ये तू बघ.”

तेव्हापासून तो डबा आमच्या फळीवर. आठवं भांडं, आणि एकटं बिननावाचं. आईनं त्यात कधी मीठसुद्धा ठेवलं नाही. मी दहावीला बसलो, पास झालो. पेढे घालून नेऊ का, म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या गेटकडं पाय वळेना. बारावी झाली, तरी वळेना. पाथर्डीच्या कॉलेजात नाव घातलं. सुट्टीत मीही कोयता धरला, म्हणजे आईचा अर्धा आणि माझा अर्धा मिळून एक पुरा झाला. फडातल्या खोपीत, चुलीच्या उजेडात, राज्यशास्त्राची पुस्तकं वाचली. आणि दर वर्षी घरी परतलो की फळीवरचा डबा माझ्याकडं बघायचा. रिकामा.

बी.ए.चा निकाल लागला, त्या दिवशी मी डबा खाली काढला. आईनं शेंगदाणे भाजले, गूळ फोडला, लाडू वळले. मी डबा घेऊन नगरला गेलो. सहा-सात वर्षं झाली होती. आप्पा असतील का, एवढीच धाकधूक.

दुकानाच्या पायरीवर स्टूल रिकामं.  दुकानदार शेठ म्हणाला, “आप्पा ना? डोळ्याचं ऑपरेशन झालंय, खोलीवर आहे. तू काय, डबावाला का?”

“म्हणजे?”

“अरे बाबा, जिल्हाभर त्याचे डबे फिरतायत! माझ्याकडून घेतो, पोरांना वाटतो. मी म्हणतो, आप्पा, परत येतात का? तर म्हणतो, येत्यात की. परवा एक आला, डब्यात बॉलबेरिंगं भरलेली. गॅरेज टाकलंय म्हणे. आणि राहुरीचा एक आला मुळा धरणाचे मासे घेऊन. आता आप्पा माळकरी! डबा हातात धरून तासभर उभा. टाकवेना, खाववेना. शेवटी माझ्या बायकोनं शिजवले.”

आप्पांची खोली जवळच होती. डोळ्यावर हिरवी पट्टी, पण आवाज तोच. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “तिसगावचा. केबल.” मी म्हणालो, “आप्पा, तुम्ही तर डबा उघडणार नव्हता.” “उघडला न्हाई रं,” ते म्हणाले, “तू लई मोठ्यानं बोल्लास.”

डबा दिला. त्यांनी चाचपून झाकण काढलं, वास घेतला, लाडू मोजले नाहीत, एक तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. मग माझ्यासाठी चहा टाकला. चहा स्टीलच्या पेल्यात आला आणि मी नकळत पेला उलटा करून बघायला गेलो. चहा माझ्या शर्टावर. आप्पा खदखदून हसले.

पण पेल्याचं बूड कोरं होतं. मी फळीकडं पाहिलं. ताटली, तांब्या, पातेलं. एकेक उचलून बघितलं. सगळी कोरी. ज्या माणसानं नगर जिल्ह्यातल्या निम्म्या भांड्यांवर नावं घातली, त्याच्या घरात एकावरही नाव नव्हतं.

“आप्पा, तुमच्या भांड्यांवर नाव नाही?”

“कशाला?” ते पट्टीखालचा डोळा पुसत म्हणाले. “नाव कधी घालत्यात? एक तर कुनी दिलं म्हंजी. न्हाईतर शेजारी भांडी मिसळत्यात म्हंजी. माझं भांडं कुटं जातंय? आन् मला देतंय कोन? लगीन न्हाई केलं, त्यामुळं आहेरबी न्हाई.” आणि लगेच टोपीला हात लावून गप्प बसले.

मी घरी आलो आणि आईला सांगितलं.  दुसऱ्या आठवड्यात ती तिसगावच्या बाजारात गेली. मोडीच्या ढिगाकडं नाही गेली, दुकानात गेली, आणि एक नवं फुलपात्र घेऊन आली.

पट्टी सुटल्यावर आप्पा पुन्हा स्टुलावर बसायला लागले. मी जाऊन फुलपात्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी उलटं करून बघितलं. “कोरं हाय. काय घालायचं?”

“सप्रेम भेट.”

“कुनाकडून?”

“सुमन अंकुश, आणि विष्णू अंकुश. आडनावासकट घाला.”

“आईचं आदी. बराबर.” घर्रर्र सुरू झालं. हात स्थिर. “विष्णूच्या फुडं बी.ए. घालू का? जागा हाय.”

“घाला.”

“आन् भेट कुनाला? पूर्न नाव सांग. अर्धं मी घालत न्हाई.”

“बबन. मॅडमच्या वहीत तुमचं एवढंच होतं, पुढचं मला माहीत नाही. तुमच्या वडलांचं नाव काय आप्पा?”

मशीन बंद झालं. हात थरथरायला लागला. शेठ गल्ल्यावरून मान काढून म्हणाला, “अरे सांग की आप्पा, आम्हालापण नाही माहीत!”

“सखाराम,” आप्पा म्हणाले. “बबन सखाराम.” आणि आडनावही सांगितलं. मग त्यांनी मशीन चालू केलं, आणि चालू मशीनलाही त्यांचा हात हलला. म्हणून त्या फुलपात्रावरचा ‘ब’ थोडा वाकडा आहे. तसा ‘ब’ आता दुसरा कुणी काढत नाही.

शेठनं कौतुकानं त्या फुलपात्रात सगळ्यांत आधी चहा ओतला आणि आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी ते हातात घेतलं, आणि आम्ही दोघं ओरडेपर्यंत नाव वाचायला उलटं केलं.

ओल्या धोतरानं ते बूड वाचत बसले. मी तिथून निघालो तेव्हा वाचतच होते.

आता मी मिरजगावला हायवेवरच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. आई गेल्या वर्षीपासून फडावर गेली नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए., आणि आप्पांचा डबा मी रिकामा परत केला नाही.